परिपत्रक निघाले, पण पोहोचले का?

पत्रिका वाटली म्हणजे तंत्रज्ञान पोहोचले असे होत नाही, हे कृषी विस्ताराचे काम करणाऱ्यांना नव्याने सांगावे लागत नाही. बीजप्रक्रियेची घडीपत्रिका घरोघर दिली, तरी बियाण्याला औषध चोळून दाखविल्याखेरीज ती सवय अंगवळणी पडत नाही. म्हणून तर आपण आद्यरेषा प्रात्यक्षिकांवर एवढा भर देतो. मात्र आपल्याच कर्मचाऱ्यांना आचारसंहिता समजावून देण्याची वेळ आली, की हा सारा अनुभव बाजूला राहतो. परिपत्रक निघते, नोंदवहीत सह्या होतात आणि विषय नस्तीबंद होतो. त्या सह्यांनी कार्यालयाचे संरक्षण होते. कर्मचाऱ्याच्या पदरात काय पडते, हा प्रश्न कोणी विचारीत नाही.

कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळास प्रतिबंध करणाऱ्या अधिनियमाचेच उदाहरण घेऊ. तो ९ डिसेंबर २०१३ पासून लागू आहे. त्याचे मूळ एखाद्या महानगरातील कार्यालयात नाही, खेड्यात आहे. राजस्थानात शासनाच्या महिला विकास कार्यक्रमात ‘साथिन’ म्हणून गावपातळीवर काम करणाऱ्या भंवरी देवी यांनी बालविवाह रोखण्याचा प्रयत्न केला आणि १९९२ मध्ये त्यांच्यावर सामूहिक अत्याचार झाला. त्यानंतर महिला संघटनांनी केलेल्या याचिकेवर १३ ऑगस्ट १९९७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘विशाखा’ निकाल दिला. त्यातील मार्गदर्शक तत्त्वांचाच पुढे कायदा झाला. गावोगाव फिरून लोकांच्या रूढ समजुतींना हात घालणारी ती स्त्री आजच्या विस्तार कार्यकर्तीची सहकारीच म्हणावी लागेल. तरीही हा कायदा ‘कार्यालयातल्या बायकांचा’ आहे, असा समज प्रक्षेत्रांवर सर्रास आढळतो.

कायद्याचे शब्द वेगळे आहेत. ‘कर्मचारी’ या व्याख्येत नियमित आणि हंगामी यांच्याबरोबरच रोजंदारीवरील, कंत्राटदारामार्फत आलेल्या, प्रशिक्षणार्थी आणि बिनमोबदला काम करणाऱ्या व्यक्तीही येतात. ‘कामाचे ठिकाण’ म्हणजे कामानिमित्त भेट दिलेली कोणतीही जागा. त्या प्रवासासाठी मालकाने पुरविलेले वाहनही त्यातच आले. म्हणजे कापूस वेचणारी मजूर, प्रात्यक्षिकाच्या शेतावर गेलेली कंत्राटी क्षेत्र सहाय्यक आणि ग्रामीण कार्यानुभवासाठी आलेली विद्यार्थिनी या तिघींनाही हे संरक्षण आहे. समितीच्या नियुक्तीचा आदेश आणि छळाचे दंडात्मक परिणाम ठळक जागी लावणे, तसेच ठरावीक काळाने कार्यशाळा घेणे, हे मालकाचे कर्तव्य आहे. हा आदेश प्रशासकीय इमारतीच्या पहिल्या मजल्यावरील फलकावर इंग्रजीत लावला, तर खुरपणीला आलेल्या बाईच्या दृष्टीने तो लावलाच नाही असे समजावे. भाषेचा प्रश्न केवळ इंग्रजीपुरता नाही. बीडकडून कर्नाटकात ऊसतोडीला गेलेल्या बाईला तिथला कन्नड फलक तितकाच मुका असतो.

यावर नेहमीचे उत्तर असे, की मजुरांना मुकादम सांगतो. कामाची वेळ, पाळीचा बदल, मजुरीचा दिवस एवढ्यापुरते ते ठीक आहे. पण ज्याच्याविरुद्ध तक्रार करायची तो मुकादमच असेल तर? हजेरीपट ज्याच्या हाती, त्याच्याच तोंडून तक्रारीचा मार्ग कळावा ही व्यवस्था मुळातच सदोष आहे. ही माहिती समितीच्या महिला सदस्याने स्वतः बांधावर जाऊन द्यावी, आणि तीही मजुरीच्या वेळेत. त्या तासाची मजुरी कापू नये, हे लेखी ठरवावे; नाहीतर पुढल्या खेपेला कोणी बसणार नाही.

सांगायचे तरी काय? कलमे वाचून दाखविण्यात अर्थ नाही. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांच्या आत करावी. कारण पटल्यास समिती आणखी तीन महिने वाढवून देऊ शकते. लिहिता येत नसेल तर तक्रार लिहून घेण्यास मदत करणे समितीवर बंधनकारक आहे. पीठासीन अधिकारी अमुक, दूरध्वनी क्रमांक अमुक. एवढे चार वाक्यांत सांगून झाल्यावर एकीला विचारावे, “उद्या असे घडले तर तुम्ही कोणाकडे जाल?” उत्तर आले नाही, तर दोष सांगणाऱ्याचा.

हाच न्याय इतर नियमांनाही लावावा लागेल. केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९६४ मधील १३वा नियम भेटवस्तूंचा आहे. प्रासंगिक जेवण किंवा वाहनातून सोबत नेणे ही त्याखाली भेट ठरत नाही. पण ज्यांच्याशी कार्यालयीन संबंध येतो त्यांचा वारंवार पाहुणचार टाळावा, असे तोच नियम सांगतो. औषध विक्रेत्याच्या गाडीतून दर आठवड्याला गावोगाव फिरणारा तरुण सहकारी या रेषेच्या कोणत्या बाजूला उभा आहे, हे परिपत्रकाने त्याला कळत नाही. मासिक बैठकीत अशा चार प्रसंगांवर अर्धा तास मोकळेपणाने बोलले, तर कळेल.

शेतकरी उत्पादक कंपन्या चालविणाऱ्या वाचकांनीही आपली प्रतवारी केंद्रे तपासून पाहावीत. कामगार दहा किंवा अधिक असतील तर अंतर्गत समिती नेमणे आवश्यक आहे. त्याहून कमी असतील, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. ग्रामीण भागात तक्रार स्वीकारून सात दिवसांत तिच्याकडे पाठविण्यासाठी तालुका पातळीवर समन्वय अधिकारी नेमण्याची तरतूद आहे. त्या अधिकाऱ्याचे नाव आणि क्रमांक जिल्हाधिकारी कार्यालयातून मिळवावा व वजनकाट्याशेजारी, जिथे मजुरी वाटली जाते तिथे, मोठ्या अक्षरांत रंगवून घ्यावा.