स्वयंपाकघरांतून : अंजिराच्या भरल्या वड्या

चार वाजले कीं चहाचें आधण चढतें आणि फळीवरचे डबे खालीं येतात. लाडवांचा, चिवड्याचा, कडबोळ्यांचा डबा सगळ्या घराचा असतो. त्यांत हात घालतांना कोणी कोणास विचारीत नाहीं. बिस्किटांच्या डब्याची गोष्ट मात्र निराळी. आमच्या घरीं त्या डब्याभोवतीं मुलें जमत आणि थोरल्या काकू आपला पेला घेऊन माजघरांत जाऊन बसत.

काकूंचा नेम साधा आहे : अंडें खावयाचें नाहीं. शिवाशिवीचें खूळ त्यांनीं कधींच सोडून दिलें आहे. तें असतें तर त्याच्या सोयीसाठीं आम्हीं लेखणी उचलली नसती. अंडें नसलेल्या बिस्किटांवर हिरवा ठिपका असतो हेंहि त्यांस ठाऊक आहे. परंतु वेष्टनावरचीं बारीक अक्षरें आणि खुणा आतां त्यांस नीट दिसत नाहींत, व दर वेळीं सुनेकडून वाचवून घेणें त्यांस प्रशस्त वाटत नाहीं. त्यापेक्षां "मला भूक नाहीं" हें उत्तर सोपें. एके दिवशीं धाकट्या नातीनें विचारलें, "मोठी आजी, तूं आमच्या पंगतींत कां ग बसत नाहींस?" तेव्हां आमच्या ध्यानांत आलें कीं, जेवणांतला पंक्तिप्रपंच आम्हीं मोडला खरा, पण तो चहाच्या वेळीं मागच्या दारानें घरांत आला आहे.

बिस्किटांनीं पुण्यांतल्या पंगती पूर्वींहि मोडल्या आहेत. १८९० सालीं पंचहौद मिशनमध्यें जमलेल्या मंडळींपुढें चहा-बिस्किटें आलीं. गोपाळराव जोशी यांनीं उपस्थितांचीं नांवें 'पुणे वैभव' पत्रांत छापून आणलीं. आणि रानडे-टिळकांसारख्यांवरहि ग्रामण्य येऊन प्रकरण शंकराचार्यांपर्यंत व प्रायश्चित्तांपर्यंत गेलें. आमच्या घरचें प्रकरण त्या मानानें क्षुल्लक. तें घरच्या घरींच मिटविण्याजोगें होतें.

सर्वांस चालेल असें बिस्किट घरीं करावें, असें ठरलें. नानखटाई आम्ही पूर्वींपासून करतों, परंतु ती काकूंच्या दांतांस सोसत नाहीं. पाहिजे होतें मऊ बिस्किट. तेव्हां अमेरिकेंतल्या अंजिराच्या बिस्किटाची आठवण झाली. मॅसॅच्युसेट्स राज्यांत केंब्रिजपोर्ट येथील केनेडी यांच्या बिस्किट-कारखान्यांत तें १८९१ सालीं निघूं लागलें. जेम्स हेन्री मिचेल यांनीं त्यासाठीं लागणारें यंत्र शोधून काढलें होतें. एकांत एक अशा दोन नळ्या. आंतल्या नळींतून अंजिराचा मुरंबा येतो आणि बाहेरच्या नळींतून पीठ. आपल्या सोऱ्यास दोन तोंडें असावींत तसा हा प्रकार. अखंड लांब नळकांडें बाहेर पडतें आणि मग त्याचे तुकडे करतात. ह्या बिस्किटास न्यूटन म्हणतात. परंतु सफरचंदाच्या झाडाखालीं बसलेल्या शास्त्रज्ञाशीं त्याचा कांहीं संबंध नाहीं. त्या कारखान्यांत मालास आसपासच्या गांवांचीं नांवें देण्याची चाल होती, आणि न्यूटन हें बोस्टनजवळचें गांव आहे.

अंजीर आपणांस परका नाहीं. तो आपल्या उंबराचा आणि वडाचा भाऊबंद, आणि पुरंदर तालुक्याच्या अंजिरास तर २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें आहे. परंतु ताज्या अंजिरांत पांच हिश्शांपैकीं चार हिस्से पाणी असतें. त्याचें सारण करावयाचें म्हणजे शेगडीपाशीं तास दोन तास उभें राहावें लागतें. ताजे अंजीर तसेच खावेत हें बरें. वड्यांसाठीं सुके अंजीर घ्यावेत, आणि प्रत्येक अंजीर उभा फाडून आंत पाहावें. ह्या कामीं आळस करूं नये. माळेंतला अंजीर वरून कितीहि सुरेख दिसला तरी आंत कीड असूं शकते.

पाव किलो अंजिरांचे देंठ काढून बारीक तुकडे करावे, ते बुडतील एवढेंच कढत पाणी घालून अर्धा तास झाकून ठेवावे, व त्याच पाण्यासह मंद आंचेवर शिजवावे. साखर मुळींच घालूं नये. मऊ झाले कीं मिक्सरमधून किंवा पुरणयंत्रांतून काढून, दोन चमचे लिंबाचा रस घालून पुन्हां विस्तवावर आटवावें. केव्हां थांबावें हें सांगावयास नकोच : पुरणांत उलथनें उभें राहिलें कीं पुरण झालें, तीच परीक्षा येथेंहि. पहिल्या खेपेस आम्हीं घाई केली, सारण सैल राहिलें, आणि भाजतांना तें शिवण फोडून ताटभर पसरलें. मुलांनीं तें खरवडून खाल्लें हें खरें, पण वड्या म्हणून दाखविण्याजोगें कांहीं उरलें नाहीं. सारण पूर्ण निवल्याखेरीज भरूं नये.

वरच्या आवरणासाठीं ११५ ग्रॅम बिनमिठाचें लोणी व ८० ग्रॅम पिठीसाखर परातींत फेसावी. अंड्याच्या जागीं तीन मोठे चमचे घट्ट दहीं आणि एका संत्र्याची किसलेली साल घालावी. (किसतांना पांढरा भाग येऊं देऊं नये, कडू लागतो.) मग १५० ग्रॅम कणीक, १०० ग्रॅम मैदा, चहाचा अर्धा चमचा बेकिंग पावडर आणि चिमूटभर मीठ एकत्र चाळून त्यांत मिसळावें. पीठ मळूं नये, नुसतें गोळा होईल इतकेंच एकत्र करावें. पोळीच्या सवयीनें मळत बसलें तर आवरण चिवट होतें. गोळा तासभर शीतकपाटांत ठेवावा. हें टाळतां येणार नाहीं, कारण पीठ गार नसेल तर लाटतांना फाटतें.

पिठाचे तीन भाग करावे. दोन बटर पेपरांमध्यें एकेक भाग वीतभराहून थोडा लांब, म्हणजे सुमारे ३० सेंटिमीटर, आणि १० सेंटिमीटर रुंद लाटावा. मधोमध दोन बोटें रुंद सारणाची रांग घालावी, दोन्ही कांठ तिच्यावर आणून चिकटवावे, आणि शिवण खालीं येईल अशी पट्टी उलटून हातानें हलकेच दाबावी. १८० अंश सेल्सिअसवर आधीं तापविलेल्या ओव्हनमध्यें १८ ते २० मिनिटें पुरतात. कांठ जेमतेम बदामी झाले कीं काढावें. ओव्हन नसेल तर जाड कढईंत वाळू तापवून, वर तिवई व ताट ठेवून, घट्ट झांकणाखालीं हें काम होतें. वेळ थोडा अधिक लागतो आणि लक्षहि अधिक.

आतां सर्वांत महत्त्वाची गोष्ट. दुसऱ्या खेपेस वड्या दिसावयास नामी झाल्या, पण नानखटाईसारख्या खुटखुटीत. काकूंनीं एक कोपरा मोडून पाहिला आणि वडी नातीस देऊन टाकली. चूक भाजण्यांत नव्हती, भाजल्यानंतर होती. पट्ट्या गरम असतांनाच दर ३ सेंटिमीटरांवर कापून, लागलीच स्वच्छ कापड घातलेल्या डब्यांत भराव्या व झांकण लावावें. एरवीं गरम पदार्थ झांकूं नये असें आपण शिकतों. येथें मुद्दाम झांकावयाचा, कारण आंतली वाफ आवरणांत मुरावी हाच हेतु. पुढें सारणाचा ओलावाहि हळूहळू वर येतो, म्हणून वडी पहिल्यापेक्षां दुसऱ्या दिवशीं अधिक मऊ लागते. पार गार झाल्यावर कापड काढून टाकावें. तीन-चार दिवस त्या चांगल्या राहतात. पावसाळ्यांत शीतकपाटांत ठेवाव्या.

एवढ्या प्रमाणांत तीस वड्या होतात. फळाचा पदार्थ म्हणून मधुमेही माणसांस तो मोकळा आहे, असा मात्र कोणीं समज करून घेऊं नये. सुक्या अंजिराच्या वजनांत जवळजवळ निम्मी साखर असते. तीस वड्यांत मिळून सुमारे २०० ग्रॅम, म्हणजे दर वडींत साडेसहा ग्रॅमांच्या आसपास साखर जाते, आणि पिठाचें पिष्ट वेगळें. आमच्या घरीं काकांस एक वडी मिळते, आणि त्या दिवशीं गोडाचें दुसरें कांहीं नाहीं. ते कुरकुरतात, कुरकुरूं द्यावें.

तिसऱ्या खेपेच्या वड्या आम्हीं रात्रभर मुरूं दिल्या. दुसऱ्या दिवशीं चार वाजतां डबा उघडला तेव्हां काकू पेला घेऊन उठूं लागल्या होत्या. नातीनें त्यांच्या बशींत वडी ठेवली आणि म्हणाली, "मोठी आजी, ह्यांत दहीं आहे, मींच घातलं." काकू बसल्या. वडी त्यांनीं चहांत न बुडवितां खाल्ली, दुसरी मागून घेतली, आणि म्हणाल्या, "ही तर भाजलेली साटोरीच कीं. पण सारणांत जायफळ कां नाहीं?"

पुढच्या खेपेस जायफळ घालणार आहों. किसण्याचें काम त्यांनीं आपल्याकडे घेतलें आहे.