संग्राहकाचा विवेक

जुन्या सफरींचीं ताम्रपटांवरून छापलेलीं चित्रें जमविण्याचा नाद चांगला; पण त्यांत विवेक हवा. लिन्स्खोटेन हा डच गृहस्थ १५८३ सालीं गोव्यास येऊन तेथील आर्चबिशपाचा चिटणीस झाला. त्याचा प्रवासग्रंथ १५९६ सालीं आम्स्टरडॅम येथें निघाला. त्यांतील गोव्याच्या बाजाराचें चित्र त्याच्या रेखाटनावरून हॉलंडांतील कारागिरांनीं कोरलें. कागदावर पत्र्याच्या कडेचा दबलेला ठसा असेल, तर चित्र बहुधा ताम्रपटावरचें. भिंगाखालीं बारीक ठिपके दिसले, तर ती फोटोवरून केलेली नक्कल होय. परंतु अस्सल सुटें चित्र म्हणजे पुष्कळदां एखाद्या ग्रंथाचें फाडलेलें पान! लेखापासून तोडलेलें चित्र भाष्यावांचूनच्या सूत्रासारखें मुकें होतें. म्हणून वाचकहो, ग्रंथ फोडून विकणारास आपल्या पैशानें उत्तेजन देऊं नका.