नावाच्या भांडवलावर

गेल्या पावसाळ्यात नववीच्या वर्गास 'माझी आवडती व्यक्ती' ह्या विषयावर निबंध दिला होता. चाळीस वह्यांपैकी सहा वह्यांत श्री. अमिताभ बच्चन ह्यांचे नाव आले. ह्यात नवल काहीच नाही. आमच्या मुलांच्या आजोबांनी ज्यांना तरुणपणी चित्रपटगृहात पाहिले, त्यांनाच ही मुले घरी दूरचित्रवाणीवर पाहत वाढली आहेत. शिवाय त्यांचा पहिला चित्रपट 'सात हिंदुस्तानी' (१९६९) हा गोव्याच्या मुक्तिलढ्यावरचा. तेव्हा आम्हा गोमंतकीयांना त्यांच्याविषयी थोडी अधिक आपुलकी वाटली तर तेही क्षम्यच आहे. नवल वाटले ते निराळ्याच गोष्टीचे. सहाही वह्यांत एक वाक्य थोड्याफार फरकाने सारखेच होते : 'मध्यंतरी त्यांना खूप कर्ज झाले, पण त्यांनी हार मानली नाही.' तेथे पूर्णविराम, आणि पुढचा परिच्छेद पुरस्कारांचा.

विद्यार्थिमित्रांनो, ते 'मध्यंतरी' इतक्या घाईने ओलांडण्यासारखे नाही. माझ्या मते त्यांच्या चरित्रात तुम्हांआम्हांस शिकण्यासारखे जे आहे, ते बहुतेक त्याच एका शब्दात दडलेले आहे.

१९९२ साली 'खुदा गवाह' प्रदर्शित झाल्यावर बच्चन ह्यांनी अभिनयातून काही काळ निवृत्ती घेतली. तो काळ आपल्या देशात मोठ्या उलथापालथीचा होता. तोपर्यंत घरोघरी एकच दूरदर्शन. १९९१ नंतर उपग्रहाद्वारे परदेशी वाहिन्या आल्या, १९९२ च्या ऑक्टोबरात झी ही हिंदी वाहिनी सुरू झाली, आणि कार्यक्रमांची भूक एकाएकी वाढली. अशा वेळी १९९५-९६ च्या सुमारास बच्चन ह्यांनी 'अमिताभ बच्चन कॉर्पोरेशन लिमिटेड' ही कंपनी काढली. चित्रपट काढणे, ते वितरित करणे, गाण्यांच्या ध्वनिफिती, दूरचित्रवाणीचे कार्यक्रम, कलावंतांची व्यवस्था पाहणे, मोठाले समारंभ भरविणे, ही सारी कामे एकाच छत्राखाली करावयाची आणि २००० सालापर्यंत १,००० कोटी रुपयांची कंपनी उभी करावयाची, असा त्यांचा संकल्प होता.

ह्या संकल्पास आज पुष्कळ जण हसतात. 'नटाने नटच राहावे, व्यापारात कशाला पडावे?' असा सोपा शेरा मारून मोकळे होतात. मला तो मान्य नाही. त्या काळी चित्रपटाच्या धंद्यास उद्योगाचा दर्जाच नव्हता. तो देण्याची घोषणा सरकारने १९९८ साली केली. तोवर बँका ह्या धंद्याकडे पाठ फिरवीत, निर्माते खाजगी सावकारांकडून जबर व्याजाने पैसा उचलीत, आणि हिशेब बरेचसे तोंडी चालत. अशा धंद्यात नोंदणी केलेली कंपनी आणावी, शिकलेले व्यवस्थापक नेमावेत आणि कागदावर करार करावेत, ही कल्पना योग्यच होती. पुढे तो धंदा बराचसा त्याच वाटेने गेला. चूक होती ती सर्व कामे एकदमच हाती घेण्यात. आंब्याची, काजूची व माडांची बागाईत एकाच पावसाळ्यात लावून पुढच्याच वर्षी तिन्हींचे पीक मागावे, तसा हा प्रकार होता.

शिवाय दूरचित्रवाणीचा धंदा बाहेरून दिसतो तितका सरळ नाही. दूरदर्शनवर कार्यक्रम दाखविण्यासाठी पुष्कळदा निर्मात्यालाच आधी प्रक्षेपणाचे शुल्क भरावे लागे. त्याबदली त्याला जाहिरातींसाठी काही सेकंद मिळत. ते सेकंद विकून त्याने आपला खर्च व नफा काढावयाचा. म्हणजे पैसा आज गेला, आणि तो परत येणार कधी, तर जाहिरातदारांनी सेकंद घेतले व त्यांची बिले चुकविली म्हणजे. नाव कितीही मोठे असले तरी न विकलेला सेकंद दुसऱ्या दिवशी विकता येत नाही. बच्चन ह्यांच्या कंपनीच्या धनकोंत पुढे दूरदर्शनही होते, हे येथे लक्षात ठेवावे.

कंपनीचे आरंभीचे दिवस बरे गेले. 'तेरे मेरे सपने' (१९९६) ह्या चित्रपटातून तिने नवे चेहरे पुढे आणले. परंतु त्याच वर्षी तिने बंगळूर येथे 'विश्वसुंदरी' स्पर्धा भरविण्याचे अंगावर घेतले. २३ नोव्हेंबर १९९६ रोजी ती पार पडली खरी, पण कशी? एका बाजूने स्त्री-संघटना, दुसऱ्या बाजूने संस्कृतिरक्षक आणि तिसऱ्या बाजूने शेतकरी संघटना, असा चहूकडून विरोध झाला. स्पर्धेची एक फेरी तर समुद्रापलीकडे सेशेल्स बेटांवर न्यावी लागली. डामडौल झाला, जगभर चित्रे दिसली, आणि कंपनीच्या वाट्याला तोटा व कोर्टकज्जे आले. १९९७ साली खुद्द बच्चन ह्यांचा पुनरागमनाचा 'मृत्युदाता' हा चित्रपट सपशेल पडला. ज्या नावावर सारा डोलारा उभा होता, त्या नावालाच गिऱ्हाईक उरले नाही, तेव्हा डोलारा कशावर टिकणार? वरच्या अधिकाऱ्यांना दिलेले पगारही कंपनीच्या ऐपतीबाहेरचे होते, असे तेव्हा बोलले गेले. अखेर प्रकरण औद्योगिक व वित्तीय पुनर्रचना मंडळापुढे गेले आणि कंपनी 'आजारी' ठरली. १९९९ साली एका बँकेच्या येण्यावरून मुंबई उच्च न्यायालयाने बच्चन ह्यांना 'प्रतीक्षा' हा आपला राहता बंगला विकण्यास मनाई केली. (ते मंडळ २०१६ च्या अखेरीस बंद झाले, त्याची जागा आता दिवाळखोरीच्या नव्या कायद्याने घेतली आहे.)

कर्ज सुमारे ९० कोटी रुपयांचे आणि खटले ५५, असे पुढे त्यांनीच सांगितले आहे. धनको दाराशी येत, अपशब्द बोलत, धमक्या देत, हेही त्यांनी लपविलेले नाही.

येथे 'लिमिटेड' ह्या शब्दाकडे तुमचे लक्ष वेधते. आपण तो पाट्यांवर रोज वाचतो. कंपनी बुडाली तर भागधारकाचे जेवढे भागभांडवल तेवढेच जाईल, त्याच्या घरादाराला हात लागणार नाही, असा त्याचा अर्थ. ही सोय काही लबाडीची नव्हे. ती नसती तर मोठे कारखाने, आगगाड्या, जहाजे कोणी काढलीच नसती. कर्ज देणारा मात्र सावध असतो. तो कंपनीच्या मालकाकडून वैयक्तिक हमीवर सही मागतो, आणि ती सही झाली की 'लिमिटेड' हा शब्द पुष्कळसा पुसला जातो. म्हणून म्हणते, तुमच्यापैकी जे उद्या धंद्यात पडतील त्यांनी सही करण्यापूर्वी शेवटच्या पानापर्यंत वाचावे. गणिताच्या तासाला हे कोणी शिकवीत नाही.

पुढची कथा तुम्हांला ठाऊकच आहे. कामासाठी आपण श्री. यश चोप्रा ह्यांच्या घरी गेलो आणि त्यातून 'मोहब्बतें' मिळाला, असे बच्चन सांगतात. ३ जुलै २००० रोजी 'कौन बनेगा करोडपती' सुरू झाला. मी तेव्हा पाचवीत होते. आमच्या वाड्यावर शेजारच्या घरी पंधरा-वीस माणसे त्यासाठी जमत आणि उत्तर आधी सांगण्यावरून आम्हा मुलांची भांडणे होत. त्याच वर्षी मुंबईच्या हर्षवर्धन नवाथे ह्या मराठी तरुणाने पहिला करोडपती होण्याचा मान मिळविला, तेव्हा तर आमच्या गुरुजींनी शाळेत त्याचे नाव फळ्यावर लिहिले होते. एक कोटी रुपयांचे प्रश्न विचारणारा हा मनुष्य स्वतः कोट्यवधींच्या कर्जात आहे, हे आम्हा मुलांच्या गावीही नव्हते. त्या कामाच्या व जाहिरातींच्या कमाईतून त्यांनी देणी फेडली. दूरदर्शनचे मुद्दल दिल्यावर व्याजाचा प्रश्न राहिला, तो आपण त्यांच्यासाठी जाहिराती करून मिटविला, असे त्यांनी एका मुलाखतीत सांगितले आहे. ही गोष्ट मला त्यांच्या कोणत्याही भूमिकेपेक्षा मोठी वाटते.

परंतु ह्याच ठिकाणी माझे मन थोडे अडखळते. कारण तेच वर्ष आमच्या घरी निराळ्या रीतीने लक्षात राहिले.

माझे वडील मंडप आणि विजेच्या दिव्यांचे काम करीत. आमच्या भागात जत्रेला नाटक झाल्याशिवाय जत्रा पुरी होत नाही, हे पालकांस सांगावयास नको. त्या वर्षी बाहेरगावची एक नामांकित मंडळी आली. तिच्यातील एका नटाचे नाव एवढे मोठे, की वडिलांनी आगाऊ रक्कम मागितलीच नाही. 'अशा माणसांकडे मागणे बरे दिसत नाही,' असे ते आईला म्हणाले. दोन रात्रींचे प्रयोग झाले, गर्दी लोटली, आणि तिसऱ्या दिवशी पहाटे मंडळी पुढच्या गावी निघून गेली. पैसे पाठवितो म्हणाली, आले नाहीत. अकरा हजारांची रक्कम होती. आज ती लहान वाटेल. पण जनरेटरचे भाडे, डिझेल आणि चार कामगारांची मजुरी वडिलांना त्याच आठवड्यात द्यावयाची होती, आणि ती देण्यासाठी आईच्या पाटल्या गहाण पडल्या. त्या मंडळीचीही कदाचित अडचण असेल. तिचेही पैसे कोणाकडे अडकले असतील. परंतु वडिलांसाठी कोणी कार्यक्रम काढला नाही. त्यांच्या चेहऱ्यावर कोणी जाहिरात केली नाही. पुढची तीन वर्षे त्यांनी बारशी, मुंजी व सत्यनारायण ह्यांचे मंडप घालून ते अकरा हजार भरून काढले.

म्हणून बच्चन ह्यांच्या कर्तृत्वाविषयी पूर्ण आदर ठेवूनही मला असे वाटते, की 'हार मानली नाही' एवढे म्हणून ही कथा पुरी होत नाही. त्यांचे नाव पडले तरी ते नावच होते. ते पुन्हा भांडवल म्हणून वापरता आले. मोठी कंपनी कोसळते तेव्हा तिच्याखाली सुतार, रंगारी, शिंपी, दिवेवाले, गाडीवाले अशी कितीतरी माणसे उभी असतात आणि त्यांची नावे कोणत्याच पडद्यावर येत नाहीत. बच्चन ह्यांचा मोठेपणा मी त्यांच्या पुन्हा प्रसिद्ध होण्यात मानीत नाही. ज्यांचे देणे होते त्यांच्यापर्यंत पैसा पोहोचला, ह्यात मानते.

पैशाचे गणित चुकलेले मोठे कलावंत आपल्याकडे पूर्वीही झाले. बालगंधर्वांची नाटक मंडळी १९१३ साली निघाली; रंगभूमीवरील तिच्या वैभवाच्या कथा आजोबा-आजींनी तुम्हांला सांगितल्या असतील. त्या वैभवापायी ती वारंवार कर्जात सापडली आणि १९३४ च्या सुमारास बंद पडली. आमच्या मंगेशीचे मास्टर दीनानाथ ह्यांच्या बळवंत संगीत मंडळीचेही चित्रपटाच्या नव्या धंद्यात हात पोळले. ह्या थोर कलावंतांच्या सुरांविषयी लिहिलेली पुस्तके पुष्कळ आहेत. त्यांच्या जमाखर्चाच्या वह्यांविषयी कोणी जिज्ञासूने असेच एखादे पुस्तक लिहिले तर ते मी अगोदर विकत घेईन.

आमच्या घरी कोकणीत कर्जाला 'रीण' म्हणतात. शाळेत मराठी शिकू लागले तेव्हा आभाराच्या पत्रात 'मी आपली ऋणी आहे' असे लिहावयाचे असते, हे मला प्रथम कळले, आणि फार विचित्र वाटले. आमच्या घरात तो शब्द हळू आवाजात उच्चारला जाई.

त्या सहा वह्या परत देताना मी प्रत्येकीच्या समासात एक प्रश्न लिहिला होता : 'हे कर्ज कोणाकोणाचे होते?' पाच जणांनी 'बँकेचे' असे लिहून आणले. सहावी मुलगी, जिचे वडील लग्नकार्यात ध्वनिक्षेपक लावण्याचे काम करतात, वही घेऊन टेबलाशी आली आणि विचारू लागली, 'बाई, त्यात स्पीकरवाल्याचेही असेल का?'