आळ्यातील पाणी आणि निर्माल्याची माती

कार्तिक शुद्ध द्वादशीपासून पौर्णिमेपर्यंत महाराष्ट्रात घरोघरी तुळशीची लग्ने लागतात. वृंदावनास नवा रंग चढतो, उसाचा मांडव उभा राहतो, आवळे-चिंचा वाहिल्या जातात आणि अंतरपाट दूर होताच अक्षता पडतात. चातुर्मास संपला, लग्नसराईस मोकळीक झाली, एवढाच या सणाचा अर्थ आपण सामान्यतः घेतो. परंतु या दिवसाचे आणखीही एक सांगणे आहे. पाऊस परतलेला असतो. येथून मृगापर्यंतच्या सुमारे दोनशे दिवसांत आकाशाकडून फारशी आशा नसते. तुळशीसकट अंगणातील प्रत्येक रोप आपल्या हातातील तांब्यावर जगते. पाण्याचा आणि मातीचा विचार करण्यास याहून योग्य मुहूर्त नाही, असे आम्हांस वाटते.

जुन्या घरांच्या परसात न्हाणीचे पाणी केळीस आणि अळवास जाई, शेणकेर उकिरड्यात पडे आणि त्याचेच खत होई. ती माणसे आपल्याहून अधिक पुण्यवान होती, असे नव्हे. पाणी विहिरीतून शेंदावे लागत होते, म्हणून त्याचा हिशेब होता. नळ आले, श्रम वाचले, हे चांगलेच झाले. मात्र श्रमांबरोबर हिशेबही गेला. तुळशीची पूजा उरली आणि तिच्याभोवतीची शिस्त हरपली.

वास्तविक कुंडीतील तुळस पाण्यावाचून मरते, तितकीच ती पाण्याच्या अतिरेकानेही मरते. मुळाशी पाणी साचले की मुळे कुजतात. बोटाचे एक पेर मातीत खुपसून पाहावे. आत ओल लागली तर त्या दिवशी पाणी घालू नये. पाणी द्यावयाचे ते सकाळी वा सूर्यास्तानंतर, नळीने नव्हे, झारीने. डाळ-तांदूळ व भाजी धुतलेले पाणी बिनदिक्कत झाडांस घालावे. आळ्यात पालापाचोळ्याचा दोन-तीन बोटे थर पसरला, तर माती उन्हाने लवकर सुकत नाही. अंगणातील लहान कलमाशेजारी भाजलेले मातीचे मडके गळ्यापर्यंत पुरून भरून ठेवले, तर पाणी झिरपत थेट मुळाशी पोहोचते.

यालाच जोडून खताचे काम येते. जुन्या माठास चार-पाच भोके पाडावीत, तळाशी वाळका पाला घालावा आणि भाजीची देठे, फळांच्या साली व निर्माल्य यांचा थर देऊन त्यावर दुप्पट पाचोळा व मूठभर माती टाकावी. हारांतील दोरा, जर, प्लॅस्टिक आधी काढावे. आठवड्यातून एकदा ढवळावे. दुर्गंधी सुटली, तर ओल अधिक झाली आणि हवा कमी पडली, असे समजून आणखी पाचोळा घालावा. सदनिकेत राहणाऱ्या कित्येकांची तक्रार एवढ्यानेच मिटेल. दोन-तीन महिन्यांत काळी, भुसभुशीत, मातीचा वास असलेली खतमाती हाती येते. अशी माती ओल धरून ठेवते. म्हणजे पाणी वाचविणे आणि खत करणे ही दोन व्रते नव्हेत, व्रत एकच.

कोणी म्हणतील, एका कुंडीने काय होणार? रोज दहा लिटर वाचले, तर दोनशे दिवसांत एका घराचे दोन हजार लिटर होतात. शंभर घरांच्या वसाहतीचे दोन लाख. 2016 च्या एप्रिलमध्ये लातूरकरांसाठी मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले होते, हे आठवले म्हणजे या आकड्यांचे मोल कळते. आपल्या गॅलरीत वाचलेले पाणी लातूरला पोहोचत नाही, हे खरे. परंतु पाणी कोणाचे तरी आहे, ही जाणीव मात्र गॅलरीतच जन्मते. कचऱ्याचेही तेच. त्याच वर्षी जानेवारीत मुंबईची देवनारची कचराभूमी पेटली आणि धूर दूरवर पसरला. शहरी कचऱ्याचा मोठा भाग ओला असतो, आणि तोच इतर कचऱ्यात मिसळून कुजतो. आपण दाराबाहेर ठेवलेली पिशवी नाहीशी होत नाही. ती दुसऱ्या कोणाच्या तरी दाराशी जाते. आपल्या दारातील मांगल्यासाठी दुसऱ्याचे दार नासवावे, हे कोणत्या धर्मात बसते?

निर्माल्य पायदळी तुडवू नये, हा संस्कार योग्यच आहे. परंतु ते पिशवीत बांधून नदीत सोडल्याने त्याचा मान राहत नाही, आणि नदीचाही राहत नाही. जे देवास वाहिले त्याची माती व्हावी आणि त्या मातीतून पुन्हा फूल उमलावे, याहून अधिक सन्मान कोणता?

म्हणून आमची नम्र सूचना एवढीच, की यंदा लग्न लागल्यावर मांडवातील उसाचा पाला बारीक करून आणि झेंडू-शेवंती मोकळी करून माठात घालावी. महाशिवरात्रीच्या सुमारास त्याची माती होईल. तीच उन्हाळ्याआधी वृंदावनात घालावी. तुळशीस माहेरचा आहेर याहून चांगला कोणता द्यावयाचा?