स्वस्ताईची सबब

जॉर्डन डाउनी दिग्दर्शित ‘थँक्सकिलिंग’ (२००८) या अमेरिकी भय-विनोदपटाविषयी जे लिहिले गेले, त्यात एक आकडा वारंवार येतो: ३,५०० डॉलर. थँक्सगिव्हिंगच्या सुटीत घरी निघालेले महाविद्यालयीन तरुण आणि त्यांच्या जिवावर उठलेला शिवराळ टर्की पक्षी, एवढेच कथानक. कोणी या आकड्याच्या आधारे चित्रपट मोडीत काढला, तर कोणी त्याच आकड्याच्या आधारे ‘इतका वाईट की चांगला’ असा निर्वाळा दिला. दोन्ही पक्षांनी मोजला तो खर्च. कृतीचे मूल्यमापन राहूनच गेले.

या निर्वाळ्यामागे सूझन साँटॅगच्या ‘कॅम्प’ या संकल्पनेचा आधार गृहीत धरला जातो. तिच्या १९६४ च्या निबंधात मात्र शुद्ध कॅम्प हा अजाणच असतो. जाणूनबुजून केलेला कॅम्प तिला बहुधा कमी समाधानकारक वाटतो. ‘थँक्सकिलिंग’ आपल्या वाईटपणाची दवंडी स्वतःच पिटतो. त्याला अजाणतेची सवलत देणे म्हणजे साँटॅग न वाचता तिचे नाव घेणे होय.

आता एक प्रसंग पाहावा. टर्की नायिकेच्या पित्याचा खून करतो, त्याच्या चेहऱ्याचे कातडे स्वतःच्या तोंडावर चढवतो आणि मुलगी त्यालाच वडील समजते. विश्वनाथाने भयानक हा हास्याचा विरोधी रस मानला. अभिनवगुप्ताने मात्र अनौचित्यामुळे कोणत्याही रसाचा आभास हास्याचे कारण होऊ शकतो, असे दाखवले. येथे बीभत्स विभाव जसाच्या तसा राहतो. अनौचित्य आहे ते मुलीच्या ओळखण्यात. प्रेक्षकाला दिसते ते पात्राला दिसत नाही, या भयपटांच्या जुन्या संकेताचीच ही थट्टा आहे. बाहुली दहापट महाग असती, तरी हा विनोद तसाच उभा राहिला असता.

याउलट आरंभीचा प्रसंग. १६२१ साल, अर्धनग्न वसाहतवासी स्त्री, तिच्यामागे हत्यार घेतलेला टर्की आणि पुढे या साऱ्याचे मूळ म्हणून सांगितलेला एका मूलनिवासी मांत्रिकाचा शाप. थँक्सगिव्हिंगची मूळकथा याच वर्षीच्या प्लिमथ येथील मेजवानीशी जोडली जाते आणि १९७० पासून तेथेच त्या दिवशी मूलनिवासी शोकदिन पाळतात. उपरोधाला एवढी सकस सामग्री हाती असताना चित्रपट शापाचा घासून गुळगुळीत झालेला साचा वापरतो आणि नग्नतेवर वेळ मारून नेतो. हा कल्पनेचा आळस आहे. त्याचा पैशाच्या टंचाईशी काहीही संबंध नाही. ‘वाईट म्हणूनच मौज’ म्हणणाऱ्या समीक्षकाला हे दोन प्रसंग एकमेकांपासून वेगळे काढता येत नाहीत, कारण त्याने निवड करण्याचा अधिकार आधीच सोडून दिलेला असतो. ही उदारता दिसायला लोभस, पण तिच्यात दिग्दर्शकाविषयीची तुच्छताच अधिक आहे.

२०१२ मध्ये ‘थँक्सकिलिंग ३’ आला. दुसरा भाग कधी निघालाच नव्हता. पहिल्या चित्रपटातील बऱ्याच विनोदांपेक्षा हा विनोद सरस म्हणावा लागेल. या चित्रपटासाठी लोकवर्गणीतून एक लाख डॉलरांहून अधिक रक्कम उभी राहिली. गरिबीची सूट देणाऱ्यांनी आता कोणते माप काढायचे?