वय बेचाळीस, रक्तवाहिन्या साठीच्या

मागच्या महिन्यात तारापूर एमआयडीसीतल्या एका कंपनीच्या गेटवर आरोग्य शिबिर होतं. मंडप, दोन टेबलं, बीपीचं मशीन आणि मागे भलामोठा फ्लेक्स: ‘जीवनशैली बदला, हृदय जपा’. माझ्या ओळखीचा एक ऑपरेटर रांगेत होता. वय बेचाळीस. रात्री आठला आत गेलेला, सकाळी आठला बाहेर आलेला. बीपी निघालं १६८/१०२. डॉक्टर भले होते, नीट समजावत होते: सात-आठ तास झोपा, सकाळी चालायला जा, मीठ कमी करा, तंबाखू सोडा, टेन्शन घेऊ नका. हा मान डोलावत होता. बाहेर आल्यावर मला म्हणाला, “भाऊ, त्यांचं सगळं बरोबर आहे. पण संध्याकाळी आठला परत पंच करायचंय.”

ही पोस्ट त्या एका वाक्यासाठी आहे.

आधी शरीराचं बघू. हृदयातून निघणारी मोठी धमनी रबरासारखी लवचिक असते. प्रत्येक ठोक्याला ती फुगते, मग आकसते आणि रक्त पुढे ढकलते. दिवसाला साधारण एक लाख वेळा. हा लवचिकपणा ज्या तंतूंमुळे असतो ते बहुतांश आईच्या पोटात आणि लहानपणीच तयार होतात. नंतर झिजले की नवे जवळपास मिळत नाहीत. त्यांच्या जागी ताठर तंतू वाढतात. मग धमनी रबरी नळीऐवजी पाण्याच्या कडक पाइपासारखी वागायला लागते. वरचं बीपी चढतं आणि प्रत्येक ठोक्याचा मार थेट मेंदूतल्या व मूत्रपिंडातल्या बारीक वाहिन्यांवर बसतो. हे वयानुसार सगळ्यांचंच होतं. प्रश्न किती लवकर होतं, हा आहे. बीपी, तंबाखू, साखर, मीठ, धूर आणि मोडलेली झोप हे सगळे त्याचा वेग वाढवतात.

झोपेचं तर फारच सरळ आहे. गाढ झोपेत बीपी साधारण १० ते २० टक्के उतरतं. वाहिन्यांना चोवीस तासांत मिळणारी विश्रांती ती तेवढीच. रात्रपाळीवाला दिवसा झोपतो कुठे? पत्र्याच्या खोलीत, एका खोलीत पाच-सहा जण, बाहेर रिक्षांचे हॉर्न, मे महिन्यात पंखाही गरम हवा मारतो. बीपी उतरणार कधी? आणि पहाटे तीनला मशीनसमोर डोळा लागू नये म्हणून तो काय करतो? तंबाखू मळतो आणि बार भरतो. राज्यात २०१२ पासून गुटखाबंदी आहे म्हणे. आता सांगा, ही तंबाखू त्याची ‘सवय’ की ड्युटीचं हत्यार?

आता हिशेबाला या. ३ सप्टेंबर २०२५ ला राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतले रोजचे कामाचे तास ९ वरून १२ पर्यंत नेण्याच्या प्रस्तावाला मान्यता दिली. तीन महिन्यांतल्या ओव्हरटाइमची मर्यादा ११५ वरून १४४ तास. लगेच सांगितलं गेलं की काळजी नको, आठवड्याचे ४८ तास तसेच आहेत, ओव्हरटाइमचे पैसे मिळतील आणि कामगाराची लेखी संमती घेतली जाईल.

ठीक आहे. तीन महिने म्हणजे १३ आठवडे. १४४ भागिले १३, आठवड्याला ११ तास. ४८ अधिक ११, झाले ५९.

हा आकडा लक्षात ठेवा. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०२१ मध्ये मिळून एक अभ्यास प्रसिद्ध केला. आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्के जास्त आणि हृदयविकाराने मरण्याचा सुमारे १७ टक्के जास्त. म्हणजे जी रेषा ओलांडली की माणसाच्या डोक्यातली वाहिनी धोक्यात येते, तिच्या पलीकडचा आकडा आपण कागदावर कायदेशीर करतोय. जुन्या ११५ तासांचा हिशेबही ५६-५७ वरच जात होता, म्हणजे आधी सगळं छान होतं असं नाही. पण आजार वाढलेला दिसतोय म्हणून कोणी त्याचा डोस वाढवतं का?

राहिली संमती. ठेकेदाराच्या माणसाने फॉर्म पुढे केल्यावर ‘मला नको बारा तास’ असं लिहिणारा कंत्राटी कामगार मला दाखवा, मी ही पोस्ट डिलीट करतो.

काही मित्र म्हणतील, पोरांना ओव्हरटाइम हवाच असतो, तेच मागतात. हो, मागतात. मी नाकारत नाही. आठ तासांच्या पगारात खोलीचं भाडं, गावाला पाठवायचे पैसे आणि पोरांची फी भागत नाही म्हणून मागतात. भुकेला माणूस शिळं मागतो म्हणून शिळं पौष्टिक होत नाही.

हवेचंही बोलायला हवं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या मूल्यांकनात देशातल्या औद्योगिक क्षेत्रांत तारापूर पहिलं आलं, ९३.६९ गुण. हवा, पाणी, जमीन सगळं धरून. धुरातले बारीक कण फुफ्फुसात थांबत नाहीत, ते रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला सूज आणतात. आणि डॉक्टर म्हणतात सकाळी चाला! कुठे चालायचं? चिल्हार रस्त्यावर ट्रेलरच्या बाजूने, की सालवडच्या नाल्याच्या वासात?

आणखी एक गोष्ट पालघरकरांनी तरी विसरू नये. १९९२ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत कुपोषणाने बालकं गेली, तेव्हा सगळा महाराष्ट्र हळहळला. जी जगली त्यांचं काय? कमी वजनाच्या बाळांना पुढे उच्च रक्तदाब, मधुमेह आणि हृदयविकाराचा धोका जास्त असतो, हे जगभरच्या संशोधनाने दाखवलंय. पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी तर बारीक दिसणाऱ्या आपल्या बाळांतल्या लपलेल्या चरबीवर वर्षानुवर्षं काम केलं. जव्हार-मोखाड्याची तीच पिढी आज तिशी-चाळिशीत आहे आणि त्यातले कितीतरी जण सकाळच्या गाडीने बोईसरला मजुरीला उतरतात. ज्याला आईच्या पोटातच कमी मिळालं, त्याच्याकडून आपण सगळ्यात जास्त तास घेतो. आणि वर फ्लेक्स लावतो, जीवनशैली बदला.

मग कामगाराने काहीच करायचं नाही का? करायचं. तंबाखू सोडायचीच. दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा, म्हणजे चहाच्या एका सपाट चमच्यापेक्षा, कमी मीठ. जेवणात लोणचं, पापड, खारवलेली मासळी हे सगळं एकदम नको. बीपी वारंवार १४०/९० किंवा वर आलं तर गोळी सुरू करायची आणि ‘आता बरं वाटतंय’ म्हणून परस्पर बंद करायची नाही. बीपी दुखत नाही, तोच त्याचा दगा आहे. राज्याच्या सरकारी दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी-उपचार मोफत आहेत. पण ओपीडी ज्या वेळी उघडी, त्या वेळी हा एक तर मशीनवर किंवा झोपेत.

म्हणून मागण्या साध्या आहेत.

एक, प्रत्येक कारखान्यात महिन्यातून एकदा बीपी मोजा, कंत्राटी कामगारांसकट, आणि नोंद कामगाराच्या हातात द्या. नव्या कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ ला लागू करताना केंद्राने चाळिशीपुढच्या कामगाराला वर्षातून एकदा मोफत तपासणी जाहीर केली आहे. ती गेटच्या आत पोचली का, हे विचारा.

दोन, बीपी जास्त निघालं म्हणून कोणाचा गेटपास बंद होणार नाही, हे लेखी द्या. आज पोरं आजार लपवतात ती याच भीतीने.

तीन, एमआयडीसीत पाळी सुटण्याच्या वेळी सरकारी ओपीडी सुरू ठेवा.

चार, बारा तासांची ड्युटी नको. आठ तासांत घर चालेल एवढा पगार द्या.

पक्षाघातात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. आपल्याकडे मोठा झटका आला की गाडी मुंबईकडे नाही तर वापी-सिल्वासाकडे पळते आणि हायवेची अवस्था तुम्हाला माहीत आहे. आपल्याला वाहिनी फुटण्याआधीच जागं व्हायला हवं, नंतर धावायला वेळच नाही.

तो ऑपरेटर त्या संध्याकाळी आठला परत आत गेला. एका मोजणीवर निदान होत नाही, पुन्हा मोजायला हवं, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. पुढचं शिबिर वर्षभराने आहे.

पटलं तर आपल्या कंपनीच्या ग्रुपवर टाका. नाही पटलं तर खाली भांडा, मी आहे. पण आधी बीपी मोजून या.