काचेवर वाळलेले सिमेंट

कोकणात पावसाळा सरला की घरांची कामे निघतात. आखातातला मुलगा पैसे पाठवतो, राहत्या घरावर एक मजला चढतो आणि कामावर नजर ठेवण्याची जबाबदारी घरातल्या बाईवर येते. रेती किती आली, सिमेंटच्या गोणी किती उरल्या, सगळे तीच बघते. स्लॅबच्या दिवशी मात्र ती वीस-पंचवीस माणसांच्या जेवणात अडकलेली असते. नेमके त्याच वेळी सेंट्रिंगच्या फळ्यांच्या फटींतून सिमेंटचे पाणी गळते आणि खालच्या खिडक्यांच्या काचांवर ओघळते. दोन-चार दिवसांनी लक्ष जाते, तोवर त्याचा दगड झालेला असतो.

अशा वेळी पहिला सल्ला मिळतो तो बाथरूम धुण्याच्या ॲसिडचा. सिमेंट त्याने सुटते, हे खरे. पण त्याची वाफ डोळ्यांत आणि छातीत जाते, ॲल्युमिनियमच्या चौकटीवर कायमचे डाग पडतात आणि ओघळ खाली गेला की फरशी खराब होते. त्याच बादलीत कोणी ब्लीचिंग पावडर टाकली तर विषारी क्लोरीन वायू तयार होतो. घरात लहान मूल किंवा दम्याचा रुग्ण असेल तर काचेसाठी ही बाटली उघडूच नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. गवंड्याने आणली तरी नको म्हणावे. त्याचे हातही आपल्यासारखेच हाडामांसाचे आहेत.

दुसरा सल्ला सुऱ्याने किंवा तारेच्या घासणीने खरवडण्याचा. त्याने काच वाचत नाही. सिमेंटच्या त्या थेंबात वाळूचे कण असतात आणि वाळू काचेपेक्षा कठीण असते. कोरडे घासले की आपणच तो कण काचेवरून फिरवतो आणि ओरखडे उमटतात. ते पुढे रोज सकाळच्या उन्हात दिसत राहतात.

मग करायचे काय? आधी पाणी, भरपूर. काच नुसती भिजवून सैल माती आणि वाळू वाहून जाऊ द्या, घासू नका. नंतर सिरका. हदीसमध्ये सिरक्याची तारीफ आहे ती सालन म्हणून. इथे तो वेगळ्या कामाला येतो. सिमेंटमध्ये चुन्याचा अंश असतो आणि आंबट पदार्थ चुन्याला हळूहळू विरघळवतो. घरचा जांभळाचा सिरका यात वाया घालवू नका, दुकानातला स्वस्त पांढरा पुरे. तो थोडा कोमट करून जुन्या कापडावर ओता, कापड डागावर चिकटवा आणि वरून प्लॅस्टिक लावा, म्हणजे सुकणार नाही. अर्धा-पाऊण तास राहू द्या. खिडकीवर ऊन असेल तर हे काम संध्याकाळी करा. खिडकीखाली कडाप्पा किंवा संगमरवर असेल तर आधी त्यावर प्लॅस्टिक अंथरा, कारण त्या दगडांनाही सिरका खातो.

कापड काढल्यावर जुन्या एटीएम कार्डाची कड डागाखाली सरकवून पाहा. पातळ थर बहुधा निघतो. जाड थराला दोनदा, तीनदा सिरका लावावा लागेल, सब्र ठेवा. तरीही राहिलेल्या ठिपक्यांसाठी नवे धारदार ब्लेड, धरायच्या दांडीसह. काच साबणाच्या पाण्याने ओली ठेवायची, ब्लेड तिरपे धरायचे आणि एकाच दिशेने ढकलायचे, मागे ओढायचे नाही. काचेवर फिल्म चिकटवलेली असेल तर ब्लेड वापरू नका. टफन केलेल्या काचेवरही ब्लेडने ओरखडे येण्याचा धोका जास्त असतो. शेवटी साध्या पाण्याने काच आणि स्लायडिंगची पट्टी धुवा. पट्टीत खडा राहिला तर खिडकी सरकवताना तोच काचेला घासेल.

सगळे निघाल्यावरही पांढुरका धुरकट डाग दिसला तर ते सिमेंट नाही. ओल्या सिमेंटचे पाणी तीव्र क्षारी असते. ते बराच काळ राहिले तर काचेचा पृष्ठभागच कोरतो. हलका डाग सेरियम ऑक्साइडच्या पावडरीने घासून कमी होतो, पण ते काचवाल्याकडून करून घेतलेले बरे. खोल डागाला काच बदलण्याशिवाय इलाज नाही, मग सिरक्याच्या बाटल्या संपवत बसू नये.

हेच क्षारी पाणी माणसाच्या कातडीलाही जाळते. दिवसभर उघड्या हातांनी मसाला कालवणाऱ्यांची बोटे फुटलेली असतात. हातमोज्यांचा खर्च ठेकेदाराशी ठरवतानाच बोलून घ्यावा. काचा झाकण्याचेही तेव्हाच ठरवावे: स्लॅबच्या आदल्या दिवशी खालच्या सगळ्या खिडक्यांवर चिकटपट्टीने प्लॅस्टिक. खर्च शे-दोनशेचा, पण सांगितल्याशिवाय कोणी करत नाही.

आणि शेजारी. दोन घरांत चार फुटांचे अंतर असेल तर आपला ओघळ त्यांच्या खिडकीवरही जातो. त्यांनी तक्रार करेपर्यंत थांबू नये. स्लॅब चालू असतानाच घरातल्या एका मुलाला पाण्याचा पाइप देऊन तिकडे उभे करावे. सिमेंट ओले असताना नुसत्या पाण्याने निघून जाते, सिरकाही लागत नाही.